हिरवा दिवा लागतो, तरी घावन एका बाजूला पळतं: मोटरहोमच्या लेव्हलिंगची कटकट

आधी दुखणं सांगतो, मग औषध. आमच्या मोटरहोमला, म्हणजे चाकांवरच्या घराला, उभं असताना सपाट करणारे चार जॅक (खाली लांबणारे पाय) आहेत. बटण दाबलं की चारही जॅक खाली उतरतात, पंप घरघरतो, गाडी अंग मोडल्यासारखी कुरकुरते आणि दीड-दोन मिनिटांत पॅनलवर हिरवा दिवा लागतो. म्हणजे गाडी सपाट झाली. मग आई तव्यावर घावन घालते आणि पीठ ड्रायव्हरच्या बाजूला पळतं. एक कड जाड, दुसरी कागदासारखी. "एवढे पैसे घातलेस, आपली कोल्हापूरची चूल याच्यापेक्षा सरळ होती," हे ऐकून घ्यायचं. मग पॅनलला नव्याने शून्य, म्हणजे सपाट स्थिती कोणती ते, शिकवायचं. दोन ट्रिपा बऱ्या जातात, तिसरीला पुन्हा तेच.

अशा चार फेऱ्या झाल्यावर कारण सापडलं. शोधताना असंही कळलं की जॅक ज्या कारणासाठी घेतले त्याचा जॅकशी काही संबंधच नव्हता. अमेरिकेत आपल्या लोकांत आता सेकंडहँड मोटरहोम घेणारे बरेच आहेत आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमची गाडी ३१ फुटी, क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर घर बांधलेली, फोर्ड ई-४५० चॅसीवरची. मागे जोडचाकं. फ्रीज जुन्या पद्धतीचा, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा. राहायला न्यू जर्सीत, त्यामुळे जास्त फेऱ्या व्हर्जिनियातल्या शेनानडोआ नॅशनल पार्कच्या. तिथल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नाही आणि जागा डोंगरमाथ्यावरच्या, जशी जमीन तशा. (उत्तरेकडून जाताना थॉर्नटन गॅपनंतर मेरीज रॉक बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. आपल्या गाडीची एसीसकट उंची टेप लावून मोजा, कागदावरची धरू नका.)

दूध कुठे नासत होतं

पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक ट्रिपच्या पहिल्या संध्याकाळी दूध नासलेलं आणि कोथिंबीर मलूल. दुसऱ्या दिवसापासून फ्रीज ठणठणीत. मी ठरवूनच टाकलं की कॅम्पग्राउंडमधली जागा तिरकी, म्हणून फ्रीज बंद पडतो. वाचलंही तसंच होतं आणि त्यात तथ्यही आहे. या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. खालच्या बॉयलरमध्ये अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं, वाफ वर चढते, थंड होऊन अमोनियाचा द्रव होतो, आतल्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होताना थंडावा मिळतो आणि मग सगळं पाण्यात मिसळून निव्वळ उताराने परत बॉयलरकडे येतं. ढकलायला पंप नाही. गाडी फार कलली की परतीच्या वाटेत द्रव साचून राहतो, बॉयलर कोरडा तापतो. आत गंज धरू नये म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते जास्त तापून त्याचे कण बनतात आणि बारीक नळी तुंबते. एकदा तुंबली की फ्रीज गेला. गाडी रस्त्यावर धावत असते तेव्हा हा त्रास होत नाही, कारण हिसक्यांनी द्रव हलता राहतो. उभ्या गाडीत होतो.

पण किती कललेली गाडी "फार कललेली"? माझ्या फ्रीजच्या पुस्तिकेत लिहिलंय की फ्रीजसमोर उभं राहिलं असता डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. इथे मी बरीच वर्षं गोंधळ घातला. फ्रीज गाडीच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा असतो. म्हणजे फ्रीजची डावी-उजवी बाजू ही गाडीची लांबी. गाडीचं नाक वर किंवा खाली असणं फ्रीजला जास्त बाधतं, कुशीवर कलणं कमी.

आणि ३ अंश म्हणजे थोडं नव्हे. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २२० इंचांचं अंतर आहे. १ अंशाला जवळपास ४ इंच, ३ अंशांना साडेअकरा. एवढ्या उतारावर माणूस पलंगावर झोपूच शकत नाही, उशी खाली येते. बिग मेडोजमधली आमची जागा मी नंतर मोजली, दीड अंश निघाली. मग दूध नासलं कुठे?

घरी. आम्ही निघायच्या दोन दिवस आधी गाडी ड्राइव्हवेवर आणायचो, फ्रीज घरच्या विजेवर लावायचो आणि निवांत भरत बसायचो. ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरतो. मोजला तेव्हा दहा फुटांत साडेनऊ इंच निघाला, म्हणजे साडेचार अंश. आणि नाक गॅरेजकडे करून लावलेली गाडी लांबीच्याच दिशेने तिरकी. दोन दिवस तो फ्रीज थंड होत नव्हता, नुसता बॉयलर तापवत होता. आम्ही दार उघडून हात घालायचो, आतलं सामान घरच्या फ्रीजमधून आलेलं असल्यामुळे गार लागायचं, आणि दार लावून निघायचो. एवढं होऊन तो जिवंत राहिला हे नशीब.

आता गाडी आदल्या रात्री समोरच्या सपाट गल्लीत लावतो, फ्रीज गॅसवर टाकतो आणि पाण्याच्या दोन बाटल्या आधीच गोठवून आत ठेवतो. तेव्हापासून दूध नासलेलं नाही. हा उतार जॅकने निघाला असता का? दीड फूट उचलावं लागलं असतं. कुठलाच जॅक ते करणार नाही आणि करणारा मिळाला तरी करू नये. त्याचं कारण पुढे येईल.

तात्पर्य, फ्रीजपायी मी काही हजार डॉलरचे जॅक बसवले. बायको अजूनही तो विषय पाहुण्यांसमोर काढते.

घ्यायचे की नाही

नव्या गाड्यांत बहुतेक १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज येतो. त्याला उताराचं फारसं सोयरसुतक नसतं. तुमच्याकडे तसा असेल तर लेव्हलिंगची गरज राहते ती माणसांसाठी: झोप, तवा, बाथरूमचं पाणी मोरीकडे जाणं, कपाटाची दारं आपोआप न उघडणं. त्याला अर्धा-पाऊण अंशाची अचूकता पुरते आणि ती प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी येते. व्हॅनएवढी गाडी असेल किंवा वर्षातून दोनदा भाड्याने घेत असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. ठोकळ्यांचा एक संच घ्या आणि सुटा.

ठोकळे वापरताना लोक एक चूक हमखास करतात. मागे जोडचाकं असतात आणि ठोकळे फक्त बाहेरच्या चाकाखाली रचले जातात. आतलं चाक हवेत राहतं आणि दोघांचं वजन एका टायरवर येतं. दोन्ही टायरखाली सारखी उंची हवी. टायरचा जमिनीला टेकणारा भाग पूर्णपणे ठोकळ्यावर हवा, कडेवर लोंबकळायला नको. दोन-तीन इंचांच्या वर जायचं असेल तर पायऱ्या करून चढवा, नाहीतर पहिलाच ठोकळा चाकाखालून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. आमच्याकडे मागे उभं राहून सांगायचं काम मुलीचं. "बाबा, अजून... अजून... थांबा ना!" या "थांबा ना" पर्यंत गाडी ठोकळ्यावरून पलीकडे उतरलेली असते. शेवटी शब्द सोडले आणि हात वर म्हणजे ब्रेक, एवढाच नियम ठेवला.

तरीही जॅक घ्यायचे असतील, वय झालंय, पावसात ठोकळे रचायचा कंटाळा येतो, ही कारणं मला पूर्ण पटतात, तर आधी वजन करून घ्या. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो, तिथे पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. टाक्या भरून, सामान भरून, घरच्या माणसांसकट करा. ई-४५० ची एकूण मर्यादा १४,५०० पौंड आणि ३१ फुटी घर त्यावर बसवल्यावर हातात फार उरत नाही. हायड्रॉलिक जॅकचा संच, पंप, तेल आणि ब्रॅकेटं धरून माझ्या गाडीत अडीचशे-तीनशे पौंड वाढले. तेवढं पाणी किंवा तेवढी माणसं कमी न्यायची. मागचा आस आधीच काठावर असेल तर जॅक बसवणं हा वेडेपणा आहे.

विजेचे स्क्रूवाले की तेलाचे? विजेचे हलके, गळती नाही, पण सावकाश आणि प्रत्येक पायाला वेगळी मोटर. तेलाचे दणकट, वेगवान, पण नळ्या, झडपा आणि तेल सांभाळावं लागतं. आमच्या वजनाच्या गाडीला मी तेलाचे घेतले आणि पुन्हा घेतले तर तेच घेईन. खाली सांगतोय ते त्याच अनुभवावरून.

हिरव्या दिव्याला सपाट म्हणजे काय वाटतं

ऑटो-लेव्हलच्या यंत्राला सपाट म्हणजे काय हे जन्मतः ठाऊक नसतं. बसवणारा माणूस गाडी हाताने सपाट करतो, ठराविक बटणं ठराविक क्रमाने दाबतो आणि यंत्र त्या क्षणाची स्थिती शून्य म्हणून लक्षात ठेवतं. पुढे आयुष्यभर ते गाडी त्याच स्थितीत आणून उभी करतं. शिकवणाऱ्याची सपाटी चुकीची असेल तर यंत्र इमानदारीने दर वेळी तेवढीच चूक करतं. पहिल्यांदा आमच्या गॅरेजवाल्याने काय वापरलं माहीत नाही. पुढच्या तीन वेळा मी फोनवरचं ॲप वापरलं.

गेल्या जूनमध्ये आईबरोबर अप्पाही आले होते. अप्पांनी उभा जन्म बांधकामावर घालवला. मी फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून आकडे बघत होतो.

"ते काय करतोस?"

"लेव्हल बघतोय, अप्पा."

"त्या फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा आहे, दिसतोय का? पाणसळ नाही तुझ्याकडे?"

पाणसळ होती, नऊ इंची, टूलबॉक्समध्ये. अप्पांनी ती टेबलावर ठेवली, बुडबुडा कुठे आला बघितलं, मग तीच पाणसळ टोकं उलटून त्याच जागी ठेवली. बुडबुडा दुसरीकडे गेला. "ही पण खोटी. फेकून दे. नळी आण."

नळी म्हणजे गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. पाऊण सेंटिमीटर आतल्या व्यासाची २५ फूट आणली. त्यात पाणी भरलं. भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून तोंडाने ओढायचं, मधे बुडबुडा राहता कामा नये, राहिला तर माप चुकतं. आईने चिमूटभर हळद टाकून दिली, पाण्याची रेघ लांबून दिसायला. अप्पा पुढे ड्रायव्हरच्या सीटमागे, मी मागे पलंगाच्या पायथ्याशी. दोघांनी नळीची टोकं उभी धरायची, पाणी स्थिर होऊ द्यायचं आणि लाद्यांपासून, म्हणजे गाडीच्या फरशीपासून पाण्यापर्यंत टेपने मोजायचं. दोन्हीकडे एकच आकडा आला तर सपाट. हिरवा दिवा लागलेला असताना अप्पांकडे ६१२ मिलिमीटर आणि माझ्याकडे ५२२. साडेपाच मीटरला ९ सेंटिमीटर, जवळपास १ अंश. आडव्या बाजूने दोन मीटरला ३८ मिलिमीटर, तोही अंशाच्या थोडा वरच. २५ सेंटिमीटरच्या तव्याला १ अंश म्हणजे दोन कडांत ४ मिलिमीटरहून जास्त फरक. घावन पळणारच.

मग जॅक हाताने चालवून नळीवर दोन्हीकडे सारखं पाणी आणलं आणि त्या स्थितीला शून्य शिकवलं. पडताळा म्हणून फ्रीजरच्या तळावर चांगली पाणसळ ठेवून बघितली. फ्रीज बहुधा गाडीच्या फरशीशी जुळवून बसवलेला असतो, त्यामुळे ती जागा विश्वासाची. फरशी मात्र सगळीकडे सारखी नसते, पाय जास्त पडतात तिथे दबते. म्हणून भिंतीलगत मोजा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दोन ट्रिपांनंतर घावन पुन्हा पळालं.

या वेळी अप्पांनी यंत्रच बघायला मागितलं. आमच्या गाडीत कल मोजणारा सेन्सर कंट्रोल बॉक्समध्येच आहे आणि तो बॉक्स गॅरेजवाल्याने पायऱ्यांजवळच्या कपाटात, मागच्या पातळ पॅनलवर, तीन लाकडी स्क्रूंनी बसवला होता. चौथ्या भोकात स्क्रूच नव्हता. अप्पांनी बोटाने बॉक्स दाबला. तो हलला. फार नाही, पण हलला. शंभर मिलिमीटर रुंद बॉक्सची एक कड पावणेदोन मिलिमीटर सरकली की १ अंश गेला. रस्त्यावरच्या दणक्यांनी स्क्रू थोडे सैल व्हायचे, शून्य सरकायचं. मी नवं शून्य शिकवायचो, पण स्क्रू तसेच.

बॉक्स काढला. आत खोलवर जिथे फरशीला घट्ट जोडलेली अर्ध्या इंची प्लायची उभी पट्टी होती तिथे नटबोल्टने चारही भोकांतून आवळला, बॉक्सवरच्या बाणाची दिशा पहिल्यासारखीच ठेवून. ही दिशा चुकली तर पुढचा जॅक उचलायचा तिथे मागचा उचलला जातो. पुन्हा नळी, पुन्हा शून्य. त्यानंतर साताठ ट्रिपा झाल्या, शून्य जागेवर आहे. तुमच्या यंत्रात सेन्सर वेगळा, चॅसीवर बसवलेला असेल तर तिथेही हेच बघा: ब्रॅकेट वाकलंय का, बोल्ट ढिला आहे का, वायरच्या ओढीने तो तिरका होतोय का.

मधेच थांबतं, "लो व्होल्टेज" म्हणतं

याचं उत्तर नव्वद टक्के लोक नवी बॅटरी असं देतात. मीही घेतली. फरक शून्य.

मोटर बंद असताना व्होल्ट मोजून काही कळत नाही. माझी बॅटरी आरामात १२.६ दाखवायची. हायड्रॉलिक पंपाची मोटर शंभर अँपिअरच्या वर ओढते, तेव्हा काय होतं ते बघायला हवं. मुलीला बटण धरायला लावलं आणि मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर ११.९, ठीक. मोटरच्या टोकांवर ९.८. वाटेत दोन व्होल्ट कुठेतरी खर्ची पडत होते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मोटरच्या अंगाला लावली: पंप चालू असताना १.७. म्हणजे दोष अर्थिंगच्या वायरीत. बघितलं तर अर्थिंगचा बोल्ट चॅसीच्या रंगावरच आवळलेला, खाली न्यू जर्सीच्या हिवाळी मिठाचा गंज. रंग घासून लखलखीत पत्रा काढला, स्टार वॉशर घातला, आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. आता तीच जागा ०.२ दाखवते. खर्च सँडपेपरचा.

जॅक चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर भार एकट्या बॅटरीवर येतो.

"एक्सेस अँगल", "आउट ऑफ स्ट्रोक" आणि मागची चाकं

हे पॅनलवर येणारे दोन इशारे. पहिल्याचा अर्थ जागा इतकी तिरकी की यंत्र हातच लावणार नाही. दुसऱ्याचा अर्थ एखादा पाय पूर्ण लांब झाला तरी गाडी सपाट झाली नाही. दोन्हीवर उपाय एकच: जॅक वर घ्या, खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे घाला, मग पुन्हा बटण. जॅकच्या तळव्याखाली ठोकळे रचून उंची चोरणारे बघितलेत. एखादा रुंद, मजबूत पाट ठीक, पण मनोरा नको.

आणि आता मघाचं राहिलेलं कारण, ड्राइव्हवेवर गाडी दीड फूट का उचलू नये याचं. मागची चाकं कधीही, एक इंचही, जमिनीवरून उचलू नका. पार्क गिअर मागच्याच चाकांना धरतो. हँडब्रेकही मागच्याच. दोन्ही चाकं उचलली की सहा टनांची गाडी चार बारीक दांड्यांवर उभी आणि पुढची चाकं मोकळी. एकच बाजू उचलली तरी डिफरन्शिअलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं, नुसता पार्क गिअर ते रोखत नाही. उतारावर नाक खाली करून उभे असाल तर यंत्र साहजिकच नाक उचलतं. नाक वर असेल तर ते मागची बाजू उचलायला बघतं. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे नाक उताराकडे करून लावा. आणि काहीही असो, चाकांना दोन्हीकडून पाचर आधी, जॅक नंतर.

हाताने चालवायची वेळ आली तर एकट्या कोपऱ्याचा जॅक दाबू नका. पुढचे दोन, मागचे दोन, डावीकडचे दोन, असे जोडीने. एक कोपरा उचलला की चॅसी पिळली जाते आणि पहिली खबर पुढच्या काचेकडून किंवा दाराकडून येते. दार घासायला लागलं की थांबा. बाहेर सरकणारी खोली असेल तर ती गाडी सपाट झाल्यावर काढायची आणि जॅक उचलायच्या आधी आत घ्यायची.

रात्रीत खाली बसते, सकाळी वर येत नाही

झोपताना सपाट, सकाळी एक कोपरा खाली. जमीन खचली की जॅक? झोपण्याआधी त्या जॅकचा उघडा चकचकीत दांडा टेपने मोजून ठेवा. सकाळी तेवढाच भरला तर जमीन खचली, तळव्याखाली रुंद लाकडी फळी घाला. दांडा आखूड झाला तर झडप किंवा सील तेल सोडतंय. रात्री गारठा पडला तर थोडंसं बसणं साहजिक आहे, तेल आकसतं. उन्हात तापलेलं डांबर ही वेगळीच आपदा. एका मॉलच्या पार्किंगमध्ये मी चार सुंदर चौकोनी खड्डे सोडून आलोय, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

वर न येणाऱ्या जॅकमध्ये बहुतेक वेळा दांड्यावर चिखल आणि मीठ वाळलेलं असतं, विशेषतः आत ओढायचं काम स्प्रिंगकडे असेल तर. फडक्याने पुसा, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, वाळू त्यालाच चिकटते आणि सील घासते. तेल कमी वाटलं तर पातळी सगळे जॅक पूर्ण आत असतानाच बघायची. जॅक बाहेर असताना टाकी भरली तर ते आत येताना तेल झाकणातून उसळतं. माझ्या संचाला एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल लागतं, तुमचं पुस्तिकेत बघा, अंदाजाने ओतू नका. आणि जॅकवर तोलून धरलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. डोकं, हात, फक्त बोल्ट बघायला, काहीही नाही.

गॅरेजवाल्याला आधी विचारायच्या गोष्टी

ब्रॅकेट चॅसीच्या उभ्या पट्टीवर बसतंय ना? वरच्या-खालच्या आडव्या कडांत भोकं पाडू देऊ नका, चॅसीची ताकद तिथेच असते. वेल्डिंग की बोल्ट, असा प्रश्न आला तर बोल्ट, ग्रेड ८ चे, आणि हजारेक मैलांनी परत आवळून घ्या. माझ्या आठपैकी दोन ढिले निघाले. तेलाच्या नळ्या सायलेन्सरच्या पाइपापासून लांब आहेत ना? आत घेतलेला जॅक आसाच्या किती खाली लोंबतो? आमचा मागचा उजवा पेट्रोल पंपाच्या उतारावर दोनदा घासला, कारण जागा कमी म्हणून तो मागच्या चाकांपासून बराच मागे बसवला होता. चाकाच्या जितका जवळ तितकं बरं. आणि कंट्रोल बॉक्स कशावर बसवणार, हे बोटाने दाबून बघा.

नळी गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात कायमची आहे, तोंडांना बूच मारून. नोव्हेंबरात गाडी झोपवताना तिच्यातलं पाणी काढायला विसरू नका. मागच्या वर्षी मी विसरलो, ती गोठून फुटली आणि कप्पाभर पिवळे डाग पडले. ते हळदीचे आहेत, निघत नाहीत.